कर्ज थकलंय, क्लिअरन्स जाईल का?

मेरीलँडमध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटदार कंपनीत नोकरी, मूळ गाव नाशिक, आता अमेरिकी नागरिक आणि 'टॉप सीक्रेट' क्लिअरन्स (गोपनीय सरकारी माहिती हाताळायची परवानगी) असलेले एक गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). बायकोची नोकरी गेली, सात महिने घर कार्डांवर चाललं. तीन क्रेडिट कार्डांवर मिळून २१,६०० डॉलर थकले, त्यातल्या सर्वांत जुन्या थकबाकीला ९६ दिवस झालेले. आमच्याकडे विचारणा एकच: "एवढ्यावर क्लिअरन्स जातं का हो?"

अमुक डॉलरच्या वर गेलं की क्लिअरन्स गेलं, असा आकडा कुठेही नाही. जून २०१७ पासून लागू असलेल्या 'सीड-४' या सरकारी निर्देशात क्लिअरन्स द्यायचं की नाही हे ठरवायचे १३ निकष आहेत, त्यातला 'एफ' पैशांचा. कर्ज कशामुळे झालं आणि झाल्यावर माणूस कसा वागला, हे तिथे रकमेपेक्षा जास्त पाहतात. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट ही हाताबाहेरची कारणं म्हणून धरली जातात, पण त्या काळात जबाबदारीने वागलात का हेही विचारतात. पहिल्याबद्दल सगळे भरभरून बोलतात. दुसऱ्याचा एक कागद निघत नाही.

या गृहस्थांनी एका सेटलमेंट कंपनीशी (बँकांशी तडजोड करून कर्ज कमी करून देणारी) बोलणं जवळपास पक्कं केलं होतं. "हप्ते भरणं थांबवा, मग बँका निम्म्यात तोडतील," असा त्यांचा सल्ला. क्लिअरन्सवाल्यासाठी हा सल्ला घातक आहे. थकबाकी १२० दिवसांच्या पुढे गेली की स्वतःहून कळवणं 'सीड-३' या दुसऱ्या निर्देशानुसार बंधनकारक, आणि सततच्या पडताळणीत क्रेडिट रिपोर्ट तपासला जातोच. शिवाय ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त कर्ज माफ झालं, तर बँक सहसा १०९९-सी हा माफ झालेल्या कर्जाचा कर-फॉर्म धाडते. ती रक्कम सहसा करपात्र उत्पन्न धरली जाते. ती रिटर्नमध्ये राहून गेली, की 'एफ'खाली दुसरी भानगड उभी.

मग एका ना-नफा क्रेडिट समुपदेशन संस्थेत हिशेब मांडला. असं समुपदेशन घेणं आणि परिस्थिती आटोक्यात येताना दिसणं, हे 'सीड-४'मध्येच जमेची बाजू म्हणून नोंदलेलं आहे. घरभाडं, गाडी, किराणा, विमा जाऊन महिन्याला ६४० डॉलर उरत होते. तिन्ही बँकांनी व्याज ८ टक्क्यांवर आणलं, ६० महिन्यांची मुदत, हप्ता ४३८ डॉलर. ६४० उरतात म्हणून सहाशेचा हप्ता बांधायचा मोह त्यांना झाला होता. तो मोडून काढावा लागला, कारण चौथ्या महिन्यात गाडीचं टायर फुटतं आणि हप्ता चुकतो. मोठ्या हप्त्याचं तुटलेलं वचन फाइलमध्ये छोट्या, न चुकलेल्या हप्त्यापेक्षा फार वाईट दिसतं.

हे चालू असतानाच नाशिकहून वडिलांचा फोन आला: "प्लॉट विकतो, पंधरा हजार डॉलर होतील, पाठवून देतो." घेण्यात गुन्हा काहीच नाही. पण टॉप सीक्रेट असलेल्याने १०,००० डॉलर किंवा त्याहून मोठी अनपेक्षित आवक कळवायची असते, आणि पाठवणारा परदेशी नागरिक म्हटल्यावर प्रश्न वाढतात. घ्यायचेच असतील तर आधी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला (एफएसओ) सांगायचं, खरेदीखताची प्रत आणि बँकेची पावती जपायची. आमचं मत मात्र स्पष्ट होतं: पगारातून फिटत असेल तर प्लॉट राहू द्या.

एफएसओकडे ते १०८ व्या दिवशी गेले. सोबत तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट, बायकोचं कामावरून कमी केल्याचं पत्र, महिन्याचं बजेट आणि पहिल्या हप्त्याची पावती. दर महिन्याची पावती त्याच फाइलला लागते. पुढे कधी 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' (क्लिअरन्स का नाकारायचं वा काढायचं याची कारणं देणारी नोटीस) आलंच, तर कंत्राटदाराकडच्या कर्मचाऱ्याला उत्तराला २० दिवस मिळतात. तेवढ्यात जुन्या पावत्या शोधत बसायला वेळ नसतो.

एसएफ-८६ या क्लिअरन्ससाठी भरायच्या फॉर्मच्या कलम २६ मध्ये मागच्या सात वर्षांतल्या थकबाकीबद्दल विचारतात. आता फेडलंय म्हणून "नाही" लिहू नका. फिटलेलं कर्ज फार क्वचित नडतं. जाणूनबुजून लपवलेलं 'ई' निकषाखाली, प्रामाणिकपणाच्या मुद्द्यावर जातं.

वडिलांना त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, की हप्ता बसलाय, प्लॉट विकू नका.