आरोग्य खात्यात बी.कॉम.वालीचं काय काम?

नमस्कार,

मोखाड्याहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बी.कॉम. झाली, टॅली येतं, बँकेच्या परीक्षांचा अभ्यास चालू आहे. आता तिला राष्ट्रीय आरोग्य अभियानात तालुक्याच्या कंत्राटी लेखापालपदासाठी अर्ज करायचाय. ‘ती ना डॉक्टर, ना नर्स, तिथे जाऊन करणार काय?’ असं तुम्ही विचारलंय.

खूप काही करेल. २००५ पासून या अभियानातून खेड्यापाड्यांत पैसा येतोय. आपल्याकडे केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. पण मंजूर निधी माणसापर्यंत पोचवायला हिशेब जाणणारं कुणीतरी लागतं. जननी सुरक्षा योजनेचंच घ्या. गावातल्या पात्र बाईची दवाखान्यात प्रसूती झाली की ७०० रुपये तिच्या खात्यात जायला हवेत. खातं माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने असलं की गाडी अडते. मग आशाताईंना फोन लावायचा, पासबुकाची झेरॉक्स मागवायची, नोंद दुरुस्त करून पैसे पुन्हा पाठवायचे. तो फोन कुणी लावलाच नाही, तर त्या बाईच्या हाती काहीच पडत नाही.

अग्रिमाचंही, म्हणजे खर्चासाठी आधीच दिलेल्या रकमेचंही, तेच. प्राथमिक आरोग्य केंद्राने पैसे खर्च केले, पण पावत्या जोडून त्या रकमेचं समायोजन झालं नाही, म्हणजे खर्चाशी हिशेब जुळवला नाही, तर कागदोपत्री ते पडूनच दिसतात. निधी ठरल्या कामासाठीच खर्चल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र रखडलं की पुढचा हप्ता रखडतो. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. एवढी रक्कम पेलायची तर ही कामं येणारी माणसं तालुक्यातच तयार व्हायला हवीत, आणि तुमची मुलगी त्यातली एक होऊ शकते, असं मला मनापासून वाटतं.

तुमची काळजी मात्र रास्त आहे. नेमणूक ठरावीक मुदतीची असते, नूतनीकरणाची टांगती तलवार राहते. कायम करण्याच्या मागणीसाठी या कर्मचाऱ्यांनी २०२५ मध्ये राज्यभर संपही केला. म्हणून ही आयुष्यभराची नोकरी समजू नका. दोन-तीन वर्षं करू दे. सोबत बँकेचा अभ्यास, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागाची भरती आणि एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा, हे तिन्ही चालू ठेवावं. शेवटच्या सेवेसाठी हा अनुभव फार उपयोगी पडेल.

अर्जाआधी जाहिरातीतल्या टंकलेखन प्रमाणपत्राच्या आणि अनुभवाच्या अटी नीट वाचा. नेमणूक किती महिन्यांची, हेही पाहा. आणि सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नमुना १२-अ तिला आत्ताच बघून ठेवायला सांगा. केंद्राचं अनुदान घेणाऱ्या संस्थांना उपयोगिता प्रमाणपत्र त्या नमुन्यात द्यावं लागतं.