एमटीआरमध्ये (वाटेतल्या प्रत्येक राउटरवर, म्हणजे हॉपवर, किती पॅकेटं हरवली ते दाखवणारं टूल) मधल्या हॉपवर ७०% पॅकेट लॉस दिसतोय, प्रोव्हायडरला धरावं का?

शेवटच्या हॉपवर लॉस शून्य असेल तर मधले ७० टक्के सोडून द्या. राउटर पॅकेट पुढे पाठवतो ते हार्डवेअरमधून. एमटीआर मोजतं ते टीटीएल (पॅकेटला किती हॉप जाता येईल तो आकडा) संपल्याचं उत्तर मात्र त्याच्या सीपीयूला द्यावं लागतं आणि त्यावर बहुतेक ठिकाणी मर्यादा घातलेली असते. लॉस एका हॉपपासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला, तरच त्या हॉपकडे बोट दाखवा.

हे ठासून सांगतोय, कारण ट्रेसच्या अशाच चुकीच्या वाचनापायी आमच्या कारखान्याने चांगली चालणारी लाइन बदलली. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, माल परदेशी जातो. नवा फायरवॉल बसला आणि लगेच बायरच्या पोर्टलवर पॅकिंग लिस्ट चढेना. लॉगिन व्हायचं, पानं उघडायची, अपलोडची पट्टी मात्र अडकायची. कंटेनर भरून तयार आणि कागद इथेच. फायरवॉल बसवणाऱ्या व्हेंडरच्या इंजिनिअरने ट्रेसराउट (एमटीआरसारखीच वाटेतले हॉप दाखवणारी कमांड) मारला, मधल्या सगळ्या हॉपवर स्टार, म्हणजे उत्तर नाही. "मालक, पिंग येतोय पण मध्ये सगळा लॉस आहे. लाइनच खराब." मी म्हटलं, आधी फायरवॉल बघा. तर मालकांसमोर मला म्हणाला, "तुम्ही टॅली सांभाळा." नवी लाइन आली. अपलोड मात्र अडकलेलंच.

मग मी डिझाइन विभागातल्या लिनक्स मशिनवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं टिपणारं टूल) लावला, मुद्दाम पाच केबीची फाइल चढवली आणि टिपलेलं कॅप्चर वायरशार्कमध्ये उघडलं. हँडशेक (जोडणीची सुरुवात) स्वच्छ, दोन्हीकडून एमएसएस (एका सेगमेंटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट डेटा) १४६०. मग १४६० बाइटचे तीन सेगमेंट, आणि मागून एक छोटा. समोरून डुप्लिकेट अ‍ॅक (आधीचीच पोच पुन्हा) आला, त्यातल्या सॅकमध्ये (तुटक काय मिळालं त्याची यादी) फक्त तो छोटा तुकडा मिळाल्याची नोंद. मोठ्यांपैकी एकही पोचला नव्हता. त्यानंतर पहिलाच मोठा सेगमेंट पुन्हा पुन्हा, दर वेळी आधीच्या दुप्पट अंतराने. खराब लाइन अशी आकार बघून पॅकेटं वेचत नाही.

लाइन पीपीपीओईची (लॉगिन करून चालणारी ब्रॉडबँड जोडणी), म्हणजे एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२. १४६० चा सेगमेंट हेडरचे ४० धरून १५०० होतो. डीएफ (तुकडे करू नका अशी खूण) लावलेलं १५०० बाइटचं पॅकेट राउटर टाकून देतो आणि पुढे १४९२च जाईल असा आयसीएमपी (पिंग आणि राउटरांचे निरोप ज्यावर चालतात तो प्रोटोकॉल) निरोप पाठवतो, टाइप ३ कोड ४. फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना कॅप्चर लावलं. बाहेरच्या बाजूला हे निरोप येत होते, आत एकही नाही. इंजिनिअरने सुरक्षेच्या नावाखाली पिंगचं उत्तर तेवढं उघडं ठेवून बाकीचा आयसीएमपी बंद केला होता. ट्रेसराउटचे स्टारही त्यामुळेच, टीटीएल संपल्याची उत्तरं त्याचाच फायरवॉल गिळत होता. टाइप ३ कोड ४ उघडला, वर एमएसएस १४५२ वर बांधला, फाइल गेली.

सरसकट आयसीएमपी बंद करणं हा अडाणीपणा आहे. पाथ एमटीयू, म्हणजे पूर्ण वाटेवर मावणारा आकार, शोधण्याची पद्धत १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) आहे, आणि ती अशी कशी मोडते ते २००० च्या आरएफसी २९२३ मध्ये लिहून ठेवलंय. फायरवॉल विकणाऱ्याने एवढं वाचलेलं असावं.

तुमच्याकडे पानं उघडतात पण अपलोड अडकतं असं असेल तर डीएफ लावून १४७२ चा पिंग मारा, हेडरचे २८ धरून १५०० होतात. फ्रॅगमेंट करावं लागेल असं उत्तर आलं तर ठीक. १४६४ चा जातो आणि १४७२ चा नुसता टाइम आउट होतो, तर निरोप कुणीतरी गिळतंय.

आणि हो, वाय-फायवरून काढलेल्या ट्रेसवर भांडू नका, केबल लावा. पाठवणाऱ्याच मशिनवर कॅप्चर करत असाल तर ऑफलोड, म्हणजे सेगमेंट पाडण्याचं काम नेटवर्क कार्डावर सोपवणं, बंद करा (मी केला होता), नाहीतर तीन सेगमेंटचं एकच मोठं पॅकेट दिसतं. शेवटच्या हॉपवर लॉस दिसला तरी सर्व्हर पिंगलाच दाद देत नसेल, तेव्हा एमटीआर टीसीपीवर ४४३ पोर्टला चालवून बघा. परतीचा रस्ता वेगळा असू शकतो, शक्य असेल तर तिकडूनही ट्रेस मागवा.

नुसते स्टार दाखवून कुणी नवी लाइन घ्या म्हणालं तर दोन्ही बाजूंचं कॅप्चर मागा. देता येत नसेल तर नव्या लाइनचा खर्च त्याच्या एएमसीतून (वार्षिक देखभाल करारातून) कापून घ्या. आमच्या मालकांनी कापला.