एकोणीस कामांची यादी

"दिवसभर मान वर करायला फुरसत नसते मॅडम, आणि रात्री बघावं तर हातात काहीच नाही." हे माझ्याकडे वेळेच्या नियोजनासाठी येणाऱ्या गृहिणी म्हणतात, स्पर्धा परीक्षेची मुलं म्हणतात, दुकानदारही म्हणतात. या वेळी म्हणाले ते एक करसल्लागार. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तालुक्याच्या गावी ऑफिस, हाताखाली एक मुलगा, कामं जीएसटी आणि आयकराची. महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी या जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांची मुदत, जवळ आली की घरात कुणी त्यांच्या वाटेला जात नसे. माझ्याकडे पाठवलं होतं ते बायकोनेच.

उपाय करून झाले होते. पहाटे पाचचा गजर, मोबाइलमधली ॲप, टेबलावर रंगीत चिठ्ठ्या. रात्री एकला झोपणाऱ्याला पहाटे पाचला उठायचा सल्ला कोण देतं कोण जाणे! दुपारी खुर्चीतच डोळा लागायचा, एवढंच त्यातून निष्पन्न झालं.

मी त्यांची डायरी पाहिली. सोमवारच्या पानावर एकोणीस कामं. त्यातलं एक : 'हार्डवेअरवाले, ३बी, अर्धा तास'.

"मागच्या महिन्यात याला किती वेळ लागला होता?"

"अर्धाच तास लागतो हो. बिलं वेळेवर आली तर."

"येतात?"

"कधीच नाही."

अंदाज बांधताना आपण सगळं सुरळीत पार पडेल असंच धरून चालतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे दाखवून दिलं. पुढे १९९४ च्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवस लागतील असं सांगितलं, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. कष्टाळू माणसंही यात सापडतात. हे ऐकून त्यांना जरा हायसं वाटलं, कारण स्वतःला आळशी म्हणवून घ्यायची त्यांना सवय लागली होती.

मग आठवडाभर यादी बंद. फक्त घडेल ते लिहायचं, वेळ घालून. त्यातली हार्डवेअरवाल्यांची सकाळ अशी : १०:२० ला बसलो. १०:३५ फोन. १०:५० व्हॉट्सॲपवर बिलांचे तिरके फोटो, दोन वाचता येईनात. ११:१० एका पुरवठादाराचं बिल २बीमध्ये (पुरवठादारांनी नोंदवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) दिसेना, फोनाफोनी. ११:४० एक ओळखीचे 'सहज' आले, चहा. काम संपलं १२:४५ ला.

"फोन दोनच मिनिटांचे असतात," हा त्यांचा युक्तिवाद. पण काम अर्धवट टाकून दुसरीकडे वळलं की मनाचा एक भाग मागेच रेंगाळतो. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये यावर संशोधन केलं आहे. आकडे जुळवताना आलेला फोन दोन मिनिटांचा असला, तरी पुन्हा त्याच ओळीवर यायला वेगळा वेळ जातो.

उपाय साधे होते. सकाळी फोन ऑफिसातल्या मुलाने घ्यायचा. ग्राहकांशी बोलणं दुपारी चार ते पाच. बिलं ८ तारखेपर्यंत. दिवसाला मोठी कामं तीनच, आणि त्यांचा वेळ नोंदीवरून ठरवायचा, मनाने नाही. संध्याकाळचा एक तास मोकळा, कारण काहीतरी सांडणारच.

अडलं ते फोनपाशी. गिऱ्हाईक तुटेल, ही भीती वरवरची निघाली. "साहेब, तुमच्याशिवाय होणारच नाही," हे दिवसातून दहादा ऐकायला मिळायचं आणि ते त्यांना हवं होतं. यात गैर काही नाही, पण त्याची किंमत रात्री एक वाजेपर्यंत जागून चुकती होत होती. आमच्या बऱ्याच भेटी वेळापत्रकापेक्षा यावरच खर्च झाल्या. "आत्ता हातात काम आहे, चारनंतर मीच फोन करतो," एवढं वाक्य त्यांनी माझ्यासमोर म्हणून पाहिलं, तेही आधी खाली बघत. पुढे एक ग्राहक खरंच गेला. "फी थकवणाराच होता तो," असं बायको मोठ्या आनंदाने म्हणाली.

कुणाची झोपच उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मी वेळेच्या नियोजनाला हात लावत नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवते. इथे तसं नव्हतं.

२० तारखेच्या आधीचे दोन दिवस त्यांचे अजूनही कोलमडतात. पोर्टल संथ झालं की कुणाचंच नियोजन टिकत नाही. त्या दोन दिवसांत यादी करायचीच नाही, असं आम्ही ठरवलंय. जेवताना फोन मात्र दुसऱ्या खोलीत. त्यांनी पंधरा मिनिटं कबूल केली होती, बायकोने ती वीस करून घेतली.