दगडाच्या पिठाचा पाव

प्रश्न : पिरॅमिड बांधणारे प्राचीन इजिप्शियन लोक रोज काय खात असत?

उत्तर : पाव आणि बिअर! राजापासून मजुरापर्यंत सगळ्यांचं पोट यांवरच. पाव खपली गव्हाचा, बिअर बहुधा सातूची. जोडीला कांदे, लसूण, मसूर, खजूर, नाईलमधले सुकवलेले मासे. मांस मात्र गरिबाच्या वाट्याला सणासुदीलाच.

इटलीत तुरीनच्या संग्रहालयात ‘खा’ नावाच्या मुकादमाच्या थडग्यातले पाव मी पाहिलेत. हे थडगं १९०६ साली सापडलं. कुणाच्या तरी हातांनी थापलेले ते पाव, साडेतीन हजार वर्षांनीही शाबूत! काचेपुढून माझा पाय निघेना. धान्य दगडी पाट्यावर दळायचे, त्यामुळे दगडाची कच आणि वाळवंटातली रेती पिठात उतरायची. ममींचे दात झिजलेले दिसतात ते बरेचसे त्यामुळेच.

पगारही धान्यातच. देर अल-मदिना या, राजांची थडगी खोदणाऱ्यांच्या गावातल्या कारागिराला महिन्याला ४ खार गहू, दीड खार सातू. एक खार म्हणजे सुमारे ७६ लिटर. राजा तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी हे धान्य थकलं, तेव्हा “आम्ही उपाशी आहोत” म्हणत कारागिरांनी काम थांबवलं. नोंद असलेला हा जगातला सर्वांत जुना संप मानतात.