शब्द शेपटीकडून वाचा

नेदरलँड्समधल्या आम्स्टलफेनहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यातला मुख्य भाग असा: ‘दीड वर्ष झालं इथे येऊन. ॲपवर रोज पंधरा मिनिटं डच करते, पण दुकानात मांडणीसमोर उभी राहिले की पाटी कोरी. परवा कणीक समजून आणलेल्या पिठाच्या पोळ्या पावासारख्या जाड झाल्या आणि निवल्यावर वातड. नामाआधी लागणाऱ्या द आणि हेटचा घोळ तर सुटतच नाही. मुलगी माझे उच्चार ऐकून हसते, दुकानदार लगेच इंग्रजीवर येतात, आणि जूनमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी येणार आहेत.’

ताई, मी पिठाच्या पुड्यावरच जास्त बोलणार आहे. बाकीच्या तक्रारी त्याच्याच लेकी आहेत.

तुमची पाटी कोरी नाही हो, तुम्ही शब्द चुकीच्या टोकाकडून धरताय. डच लोक दोन-तीन शब्द एकमेकांना चिकटवून आगगाडी करतात आणि जागा सोडत नाहीत. आपण पहिल्या डब्यापासून वाचायला लागतो आणि मधेच दमतो. शेवटचा डबा आधी वाचा. वस्तू काय आहे ते शेपूट सांगतं, कुठल्या प्रकारची आहे ते डोकं सांगतं. आपल्याकडे मसालेभात हा भातच आणि गुळपोळी ही पोळीच, तसंच.

आता तुमचं पीठ. ‘झेल्फरैझेंट बाकमेल’ आणलंत ना? शेपूट ‘मेल’, म्हणजे पीठ. तिथे तुमचं बरोबर होतं. पण डोकं ‘झेल्फरैझेंट’, आपोआप फुगणारं. त्यात बेकिंग पावडर आधीच घातलेली असते. कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवलीत की आतल्या आत वायू सुटायला लागतो, मग पोळी जाड होते आणि गार झाल्यावर वातड. पोळीसाठी ‘फोल्कोरेन टार्वेमेल’ बघा: टार्वे गहू, फोल्कोरेन अख्ख्या दाण्याचं. त्यातला कोंडा जाड असतो, म्हणून नुसतं घेतलं तर लाटताना कडा फाटतात. 200 ग्रॅम ते आणि 100 ग्रॅम ‘टार्वेब्लूम’, म्हणजे मैदा, एकत्र करा. पाणी साधारण 185 मिलिलिटर घाला आणि गोळा अर्धा तास मुरू द्या. भारतीय किंवा सुरिनामी दुकानात आपला आटा मिळतो, तो मिळाला तर प्रश्नच मिटला.

डोकं न वाचल्याने पोळी बिघडली, एवढ्यावर भागलं. काही ठिकाणी भागत नाही. ढोकळ्याला सोडा हवा म्हणून ‘सोडा’ असं विचारलंत तर हाती येतो क्रिस्टाल-सोडा, म्हणजे धुण्याचा. तो सोडियम कार्बोनेट, पोटात जायचा नव्हे. खाण्याच्या सोड्याला म्हणतात झाउफरिंग्स-झाउट. शेपूट ‘झाउट’, मीठ, डोकं शुद्धीकरणाचं. नाव ऐकून कुणी ते ढोकळ्यात घालायचं धाडस करणार नाही, पण घालायचं तेच. बाक-पुडर ही बेकिंग पावडर. सोड्याऐवजी ती वापरायची तर तिप्पट लागते. तसंच स्खोनमाक-आझैन: आझैन म्हणजे व्हिनेगर खरंच, पण स्खोनमाक म्हणजे साफसफाई. ते नळाच्या क्षारांसाठी, लोणच्यासाठी नाही.

तुपाची परीक्षाही शेपटीनेच घ्या. रोम-बोटर हे लोणी, त्यात निदान 80 टक्के स्निग्धांश. 250 ग्रॅमच्या वडीचं 200 ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. ‘हाल्फारीन’ स्वस्त दिसतं, पण नावात बोटर कुठे आहे? त्यात स्निग्धांश जेमतेम 40 टक्के, बाकी बहुतेक पाणी. कढवलंत तर तडतडाट होईल, तूप नाही.

आता द आणि हेट. इथे मात्र जरा रागावणार आहे. ‘चमचा’ शब्द तुम्ही ‘तो’ शिवाय शिकलात का? वाटी ‘ती’ आणि ताट ‘ते’ हे कुणी तक्त्यातून पाठ करून घेतलं? मग ॲपवर नुसता शब्द का घोकता? जोडशब्दाचं लिंग शेपटीवरून ठरतं. म्हणून आठच शेपट्या घ्या: द पान, द लेपल, द दूक, द बोन, हेट मेस, हेट मेल, हेट झाट, हेट झाउट. (पान म्हणजे भांडं, विड्याचं नव्हे. लेपल चमचा, दूक फडकं, बोन शेंग किंवा दाणा, मेस सुरी, झाट बी.) आता द कूकेन-पान हा तवा, द स्टेल-पान हे दांड्याचं पातेलं, आणि द स्नेलकोक-पान हा आपला कुकर. हेट मोस्टर्ट-झाट म्हणजे मोहरी, हेट कोमैन-झाट म्हणजे जिरं. कारवै-झाट दिसायला जिऱ्यासारखंच, पण ते कॅरवे. फोडणीत पडलं की वेगळाच वास सुटतो. शेपूट कधी थापही मारतं: पिंडा-कास मध्ये चीज नाही, ते दाण्याचं लोणी, सिनास-आपल म्हणजे संत्रं. पण लिंग तिथेही शेपटीचंच.

चिठ्ठ्या लावा, पण भांड्यावर नको. खणाच्या कडेला, जिथे हात जातो तिथे. कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहा, शाई वाफेने पसरते. द साठी निळी रेघ, हेट साठी लाल. आमच्या घरात सगळे जण वर्षानुवर्षं डच बोलतायत, तरी मसाल्याच्या खणावरच्या पट्ट्या कुणी काढू देत नाही.

क्रियापदांबद्दल एकच. ‘बाकेन’ म्हणजे तव्यावर परतणंही आणि ओव्हनमध्ये भाजणंही. शेजारी ओव्हन शब्द नसेल तर तवा समजा. आणि पाककृतीत कांद्यापुढे ‘फ्राउट’ आलं तर फळं शोधू नका. कांदा मंद आचेवर मऊ करायचा आहे.

मुलगी हसते? हसू दे, आणि खणाची चिठ्ठी तिच्याकडूनच लिहून घ्या. दुकानदार इंग्रजीवर आला तर ‘माख इक नेडरलान्ट्स ऊफेनेन?’ एवढं म्हणा, म्हणजे डचचा सराव करू का. बहुतेक जण थांबतात.

राहिल्या सासूबाई. त्यांना हेगच्या बाजारात न्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार भरतो. तिथे कारली, भेंडी, लांब चवळीच्या शेंगा सगळं मिळतं. वजनाला फसू नका: ऑन्स म्हणजे 100 ग्रॅम, पोंट म्हणजे 500. ‘आन्डरहाल्फ पोंट’ म्हणजे दीड पोंट, पाऊण किलो. घड्याळात ‘हाल्फ ड्री’, शब्दशः अर्धे तीन, म्हटलं की अडीच. आपलं अडीचही ‘अर्धतृतीय’ वरूनच आलंय, तेव्हा सासूबाईंना ते तुमच्याआधी कळेल. डाळींपैकी रोडे लिन्झेन म्हणजे मसूर, काचांग इजो म्हणजे मूग. केटूम्बार म्हणजे धने पूड.

श्रीखंड करायचं म्हणाल्या तर फोले क्वार्क (साय न काढलेलं, दह्यासारखं) आणा. ते आधीच घट्ट असतं, दोन-तीन तास टांगलं की चक्का तयार. डच लोकही दही असंच फडक्यात बांधून टांगतात आणि त्याला सरळ ‘हांगोप’, म्हणजे ‘टांगून ठेव’, म्हणतात. बांधायला टे-दूक घ्या. शेपूट दूक, म्हणजे फडकं. डोक्यात चहा असला तरी ते भांडी पुसायचं. नवं कोरं घेऊन आधी नुसत्या पाण्यात उकळा, नाहीतर साबणाचा वास श्रीखंडाला लागतो.