बाबांची चित्रशाळा आणि माझा फुटबॉल

प्रश्न:

ताई, नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका गावातला, वय २०, बीकॉमचं शेवटचं वर्ष. आमची गणपतीची चित्रशाळा आहे, पणजोबांपासूनची. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून बाबा, मी आणि सिझनला दोन कामगार एवढेच उरलोत. दीडशेच्या आसपास मूर्ती होतात, सगळ्या मातीच्या. लोक आपापले पाट आणून देतात आणि त्या पाटावरच मूर्ती उभी करायची असते. डोळ्यांची आखणी आजोबांनी मला शिकवली. बाबांना आता चष्मा लावूनही बारीक रेघ जमत नाही, त्यामुळे डोळे मीच काढतो.

आणि मी फुटबॉल खेळतो, लेफ्ट बॅक. शाळेपासून खेळतोय, मग एका क्लबच्या अंडर-२० टीममध्ये होतो. आता त्यांनी सीनियर टीममध्ये, म्हणजे गोवा प्रोफेशनल लीगसाठी, एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट देतो म्हणून सांगितलंय, जूनअखेर उत्तर पाहिजे. प्रॅक्टिस जुलैपासून, आठवड्याचे सहा दिवस सकाळी, म्हापशाच्या बाजूला. मानधन फार नाहीये, पण माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

बाबा ऐकूनच घेत नाहीत. म्हणतात पाय मोडला तर क्लबवाले येणार आहेत का बघायला. २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा आमचा खनिज वाहायचा टिपर दारात उभा राहिला, बँकेचे हप्ते चालूच, तेव्हा चित्रशाळेनेच घर तारलं, हे दर दोन दिवसांनी ऐकवतात. मला ते मान्य आहे. पण पहाटेपर्यंत काम मीपण करतोच ना, पगार नाही काही नाही, बाइकच्या पेट्रोलचे पैसेसुद्धा आईकडे मागतो.

गेल्या वर्षी एक प्रकार झाला तो पण सांगतो. जुलैमध्ये गावागावांच्या टुर्नामेंटची सेमीफायनल होती आणि मी मित्राकडे प्रोजेक्टला जातो सांगून खेळायला गेलो. पावसात माती सुकत नाही म्हणून आम्ही हॅलोजन लावतो आणि मूर्ती फिरवत राहावी लागते, त्या रात्री ती पाळी माझी होती. परत आलो तर दोन मूर्तींना तडे गेलेले, एक तर ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकाच रूपाचा गणपती पुजतात त्या घरातली. बाबा एक शब्द बोलले नाहीत, माझे बूट उचलले आणि समोरच्या शेतात पाण्यात भिरकावले. तेव्हापासून आमचं धड बोलणं नाही. "त्याला सांग", "बाबांना विचार", सगळं आईमार्फत. मला चित्रशाळा सोडायची नाहीये हो, पण ते त्यांना पटतच नाही. मित्र म्हणतात म्हापशात रूम घे आणि मोकळा हो. घेऊ का?

— एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर:

अरे, आधी रूमचं सांगते. नको घेऊस, निदान यंदा तरी नको. जुलैमध्ये तू घराबाहेर पडलास की बाबांना जी भीती आहे तीच खरी झाली असं होईल, आणि मग पुढची दोन वर्षं तुमचं बोलणं आईच्या तोंडूनच चालेल. त्या माऊलीला आधी या पोस्टमनच्या कामातून सोडवा.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात एक गोष्ट तू जाता जाता लिहून गेलास, पगार नाही म्हणून. मला वाटतं तुमचं निम्मं भांडण तिथेच अडकलंय. मातीच्या मूर्तींवर हस्तकला महामंडळाचं अनुदान मिळतं, तेव्हा मूर्तींचा हिशोब बाबा ठेवत असणारच, माती कितीची आली, रंग कितीचे, दोन कामगारांना किती दिले हेही कुठेतरी लिहिलेलं असेल. तुझं काम मात्र कुठल्याच वहीत नाही. आणि ज्या कामाला हिशोब नाही ते कधी पुरं होतच नाही रे. बाबांच्या लेखी तुझा अख्खा दिवस चित्रशाळेचा, त्यामुळे प्रॅक्टिसचे दोन तास म्हणजे तू तिथून चोरून नेलेले, आणि तुझ्या लेखी प्रत्येक जागलेली रात्र म्हणजे तू घरावर केलेले उपकार. दोघंही मनापासून राबताय आणि दोघांनाही वाटतंय की समोरच्याला त्याची किंमत नाही. आपल्याकडे घरच्या धंद्यात मुलांचं हे असंच होतं, दुकान असो, हॉटेल असो, बागायत असो, पोरगा घरचाच आहे म्हणून त्याला ना पगार ना सुट्टी, आणि मग तो पंचविशीत एक दिवस सगळं टाकून निघून जातो आणि घरचे म्हणतात याला काय कमी होतं. मला याचा खरंच त्रास होतो, कारण यातली कितीतरी पोरं कामाला कंटाळलेली नसतात, हिशोबात नसण्याला कंटाळलेली असतात.

तेव्हा एक वही घे आणि काम टप्प्याटप्प्याने लिहून काढ. माती मळणं, साच्यातून काढणं, हात-सोंड जोडणं, सुकवणं, पॉलिश पेपरने घासणं, पांढऱ्या रंगाचा हात, अंगाचा रंग, पितांबर आणि शेला, सोनेरी काम, शेवटी डोळे. प्रत्येकापुढे लिही की हे तुझ्याशिवाय कोण करू शकतं. मला तरी वाटतं तुझ्याशिवाय खरोखर अडेल ते डोळ्यांपाशी, आणि ते काम शेवटच्या दिवसांतलं. सकाळी प्रॅक्टिस करून आलेला माणूस दुपारी डोळे काढू शकतो, त्याला पहाटेपर्यंत जागून माती मळायला लावायचं काही कारण नाही. माती मळायला आणि रात्री मूर्ती फिरवायला जुलै-ऑगस्टपुरता तिसरा माणूस ठेवा. त्याचा पगार तुझ्या मानधनातून देतो असं बोलून बसू नकोस हं, तुला तसं वाटेल, पण तो खर्च चित्रशाळेचाच आहे, आजवर तुझ्यामुळे वाचत होता इतकंच. आणि डोळ्यांच्या कामाचा मूर्तीमागे एक दर ठरवून घे, थोडका का असेना.

तारखांचंही बघा. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दरवर्षी सरकते, २०२४ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ला २७ ऑगस्टला, आणि २०२६ला अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. म्हणजे जुलैची प्रॅक्टिस आणि शेवटची रंगाची घाई यांच्यात एका वर्षी बऱ्यापैकी अंतर मिळतं, दुसऱ्या वर्षी दोन्ही एकमेकांच्या अंगावर येतात. एकदा भांडून कायमचं मिटवता येण्यातलं हे नाहीच, दर मे महिन्यात कॅलेंडर पुढ्यात घेऊन नव्याने ठरवावं लागेल. चवथीआधीचे आठ-दहा दिवस मात्र चित्रशाळेचे, यावर तू घासाघीस करू नकोस. ते दिवस क्लबला आत्ताच, सही करायच्या आधीच सांग. कोचला ऑगस्टमध्ये अचानक कळलं तर तो तुला बेंचवर बसवणार आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

आता बाबांच्या भीतीबद्दल, कारण तू ती ऐकलीस पण तिला उत्तर दिलं नाहीस असं वाटलं. फुटबॉल आपला राज्यखेळ झाला तो २०१२ सालीच. तुला ते वर्ष त्यासाठी माहीत असेल, बाबांना ते टिपरसाठी माहीत आहे. ज्या माणसाने आयुष्यभर पुरेल असं वाटणारं उत्पन्न एका हुकुमाने थांबलेलं पाहिलं त्याला एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टचा भरवसा कसा वाटावा? आणि फुटबॉलचं तरी काय, २०१६ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे आपले तीन मोठे क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, २०२५च्या जुलैमध्ये खुद्द आयएसएलच, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग, लांबणीवर पडल्याचं जाहीर झालं. त्यामुळे "आमच्या गोव्यात फुटबॉल म्हणजे..." असली भाषणं बाबांना देऊ नकोस, भारताचे जुने गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर यांचं नाव त्यांनी तुझ्याआधी ऐकलंय. त्यापेक्षा एवढंच सांग की एक वर्ष देतोय, बीकॉम पूर्ण करतोय, पुढच्या मे महिन्यात तुम्ही आणि मी बसून बघू. पुढेमागे कोचिंगमध्ये यायचं मनात असेल तर एआयएफएफचा, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा, डी लायसन्स कोर्स आहे, तो वयाच्या अठराव्या वर्षानंतर करता येतो, तेही त्यांच्या कानावर घाल. आणि दुसरी भीती ते बोलत नाहीत पण मला ती जास्त खरी वाटते, त्यांना आता रेघ जमत नाही आणि ज्याला जमते तो रोज म्हापशाला निघालाय. "मला चित्रशाळा सोडायची नाहीये" हे तू मला लिहिलंस. त्यांना कधी सांगितलंयस का, त्यांच्याकडे बघून, आईमार्फत नव्हे?

खोटं बोलून खेळायला गेलास ते चुकलंच, आणि मला त्याचं कौतुक अजिबात नाही. खेळायला गेलास यापेक्षा पाळी दुसऱ्याला न देता गेलास हे जास्त वाईट. बूट पाण्यात टाकले तेही चूक, पण त्याची माफी मागायला लावणं हे आत्ता तुझं काम नाही. ज्या घरचा गणपती तडकला त्यांना ते कधी कळलं का, हे तू लिहिलं नाहीस. बाबांनी रातोरात दुसरी मूर्ती उभी करून दिली असणार. तसं असेल तर "ती मूर्ती माझ्यामुळे गेली आणि तुम्ही निभावलंत" एवढं वाक्य तुझ्याकडून यायला हवं, फुटबॉलचा विषय काढायच्या आधी, आणि त्याला पुढे कुठलाही "पण" न जोडता.

अंगाचंही सांगते. रात्रभर मांडी घालून पाटापुढे वाकून बसायचं आणि सकाळी सहाला पावसाच्या मैदानावर स्प्रिंट मारायचे, यात मांडीचा स्नायू आज ना उद्या धरणारच. झोप कमी असली की दुखापती वाढतात हे कुठलाही फिजिओ सांगेल. जुलै ते चवथ रात्री अकराच्या पुढे काम नाही, हा नियम त्या वहीच्या पहिल्या पानावर लिही. बाबांसाठीही तो चांगलाच आहे.

कॉन्ट्रॅक्टमध्ये बघायचं ते असं: मानधन किती महिन्यांचं, की फक्त मॅचेस असतील तेवढ्याच महिन्यांचं, दुखापत झाली तर औषधपाण्याचा आणि ऑपरेशनचा खर्च कोण करणार, त्या काळात मानधन चालू राहणार का, विमा आहे का, आणि वर्ष संपल्यावर तू दुसऱ्या क्लबला जायला मोकळा आहेस की नाही. तोंडी "आम्ही बघून घेऊ" म्हणाले तर ते कागदावर मागून घे. पाय मोडला तर क्लबवाले येणार का, हा बाबांचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर त्याच कागदात असायला हवं. म्हणून सही करायच्या आधी तो कागद त्यांच्याच हातात दे आणि म्हण, बाबा हे वाचून सांगा. टिपरच्या कर्जाचे कागद त्यांनी फेडता फेडता पाठ केले असतील, कुठल्या कलमात माणूस अडकतो ते त्यांना तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही चांगलं कळतं. जूनअखेरीला अजून वेळ आहे, या रविवारी बसा.

— ताई