विद्युतधारेत ५० पैकी २१, तरी शिबिर इलेक्ट्रिकलचंच?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. एका विद्यापीठाच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग विभागाने शाळकरी मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुटीत दोन आठवड्यांचं शिबिर ठेवलंय आणि तिला तिथे जायचंच आहे. पण विद्युतधारेच्या प्रकरणावरच्या चाचणीत तिला ५० पैकी २१ गुण मिळाले. घरात काही बिघडलं की ती उघडून बसते, दुरुस्त होतंच असं नाही. तिच्या बाबांचं म्हणणं, पुढे कॉम्प्युटरच घ्यायचं तर सुटी कोडिंगला द्यावी. मला शॉकची भीती वाटते ती वेगळीच. अर्जासोबत शिक्षकांचं शिफारसपत्र मागितलंय. ते कुणाकडून घ्यावं? आणि मुळात तिला पाठवावं का?
– एक आई

उत्तर : ताई, शिबिर चांगलं असेल तर जरूर पाठवा. चांगलं कसं ओळखायचं ते पुढे सांगते. आधी त्या २१ गुणांचं बघू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात मोठी धास्ती त्यांचीच दिसते.

या प्रकरणात मुलांचे गुण जातात ते बहुतेक वेळा किरशॉफच्या नियमात (सर्किटमधल्या धारेचा आणि व्होल्टचा ताळमेळ मांडणारे नियम) चिन्हं चुकल्यामुळे, नाहीतर कुठले रोध एकसर (एकापुढे एक) आणि कुठले समांतर (शेजारी-शेजारी) हे आकृतीत न ओळखता आल्यामुळे. आकृती जरा वाकडी काढली की तोच प्रश्न अनोळखी वाटायला लागतो. हे कच्चं राहून चालणार नाही, पण एवढ्यावरून तिला हा विषय झेपणार नाही असं ठरवणं घाईचं होईल. कागदावरच्या सर्किटला हात लावून बघता येत नाही, आणि काही मुलांचं नेमकं तिथेच अडतं.

चांगल्या शिबिरात काय घडतं ते सांगते. मुलांना १० किलोओहमचे दोन रेझिस्टर (म्हणजेच रोध) ९ व्होल्टच्या बॅटरीला एकापुढे एक जोडायला सांगतात. मधल्या बिंदूला मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं यंत्र) लावला की साडेचार व्होल्ट दिसतात. सूत्र बरोबर आलं म्हणून पोरं खूश. मग त्या साडेचार व्होल्टवर काहीतरी चालवून बघायचं म्हणून मधला बिंदू आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लावायला सांगतात. मीटरवरचा आकडा घसरून पाऊण व्होल्टवर येतो. पहिली शंका मीटरवर, दुसरी बॅटरीवर. दोन्ही ठीक निघाले की कुणीतरी कागद पुढे ओढतं आणि मग ध्यानात येतं की खालच्या १० किलोओहमला आता समांतर सोबती आलाय, दोघांचा मिळून रोध जेमतेम ९०९ ओहम उरलाय, आणि ९ व्होल्टची वाटणी होतेय ती १०,००० आणि ९०९ यांच्यात. समांतर जोडणीचं जे सूत्र चाचणीत आठवलं नव्हतं ते इथे मुलं आपणहून शोधतात, कारण आकडा का घसरला हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तुमची मुलगी या जागी मागे पडेल असं मला वाटत नाही. उलट उत्तम गुणांची काही मुलं मीटर आणि सूत्र जुळेना की गोंधळून हात आखडता घेतात, कारण उत्तर न येण्याची त्यांना सवयच नसते.

आता शिबिराची पारख. माहितीपत्रकात रोबोट, ड्रोन, सौरऊर्जा आणि एआय असं सगळं दोन आठवड्यांत बसवलं असेल तर मी सावध होईन. एवढं सगळं उरकायचं तर तयार सुटे भाग एकमेकांत खोचायचे आणि कुणीतरी दिलेला प्रोग्रॅम आर्डुइनोवर (प्रोग्रॅम चढवता येणाऱ्या तयार सर्किट-पाटीवर) चढवायचा, एवढंच होतं. आर्डुइनो वाईट नाही, पण पहिल्याच दिवशी तिथून सुरुवात केली तर मुलं विद्युतशास्त्राऐवजी टायपिंग शिकून येतात. त्यापेक्षा ठरावीक वेळाने संकेत देणाऱ्या ५५५ टायमरसारखी जुनी चिप हातात देणारे मला जास्त भरवशाचे वाटतात. १९७२ मध्ये बाजारात आलेली ही चिप आजही शिकवण्यासाठी वापरतात, कारण तिच्याभोवतीचं सगळं गणित शाळकरी मुलाच्या आवाक्यातलं आहे. १ आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) लावला की एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो. कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा केला की दहापट वेगाने. आधी हिशेब मांडायचा, मग जोडून बघायचं, आणि जुळलं नाही तर का ते शोधायचं. या विषयाची खरी तोंडओळख यातूनच होते.

आयोजकांना फोन करून विचारा की ब्रेडबोर्ड (सुटे भाग खोचून सर्किट जोडायची भोकांची पाटी) आणि मल्टिमीटर प्रत्येकाला स्वतंत्र मिळतो की चौघांत एक. चौघांत एक असेल तर एक जण जोडतो आणि बाकीचे माना डोलावतात. बुजरी मुलं दोन्ही आठवडे माना डोलावण्यात घालवतात. आणि सर्किट चाललं नाही तर मदतनीस काय करतात, हेही विचारा. एलईडी पेटत नाही याची कारणं ठरलेली असतात : तो उलटा लावलेला असतो, किंवा त्याचे दोन्ही पाय ब्रेडबोर्डवरच्या एकाच ओळीतल्या पाच भोकांत खोचलेले असतात आणि ती भोकं आतून एकमेकांना जोडलेलीच असतात. सरावलेल्या माणसाला हे लांबून दिसतं. त्याने हात घालून नीट करून दिलं तर वेळ वाचतो आणि शिकणं बुडतं. ‘बॅटरीपासून निघ आणि एकेका बिंदूला किती व्होल्ट आहेत ते मोज’ असं सांगून मागे सरणारे मदतनीस असतील तर बाकीच्या उणिवा मी माफ करेन. शेवटचा प्रकल्प मुलं स्वतः निवडतात का, हेही जाता जाता विचारून घ्या.

प्रमाणपत्राला फार किंमत देऊ नका. विद्यापीठाच्या आवारात झालेलं शिबिर म्हणजे त्या विद्यापीठाच्या प्रवेशात सवलत नव्हे. काही ठिकाणी तर बाहेरची संस्था नुसती जागा भाड्याने घेऊन शिबिर चालवते, तेव्हा शिकवणार कोण तेही पाहा.

तिच्या बाबांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रिकल यांच्यात त्यांना वाटते तेवढी मोठी भिंत नाही. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने एमआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवून दिलं की बूलच्या बीजगणिताचे (खरं-खोटं यांचं गणित) ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे नियम स्विच आणि रिलेच्या (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) सर्किटांना चपखल लागू पडतात. आजचा प्रत्येक प्रोसेसर त्याच पायावर उभा आहे. प्रोग्रॅमिंग इलेक्ट्रिकलवाल्यांनाही चुकत नाही, भरपूर करावं लागतं. या शाखेचा पसाराही अफाट आहे. एका टोकाला ७६५ किलोव्होल्टच्या पारेषण वाहिन्या, दुसऱ्या टोकाला छातीवर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून मिळणारा हृदयाचा जेमतेम १ मिलिव्होल्टचा संकेत. गंमत म्हणजे ही दोन टोकं एकमेकांना भेटतात : भिंतीतल्या वायरिंगची ५० किंवा ६० हर्ट्‌झची गुणगुण त्या नाजूक संकेतात मिसळते आणि ती गाळून काढायला वेगळं सर्किट बांधावं लागतं. कोडिंग पुढच्या सुटीतही शिकता येईल, घरी बसूनही शिकता येईल. शेजारी जाणकार माणूस आणि समोर ऑसिलोस्कोप (बदलत्या व्होल्टचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र) हे घरी मिळणं कठीण.

तुमच्या भीतीबद्दल थोडक्यात. शाळकरी मुलांच्या अशा शिबिरात काम चालतं ते ५, ९ किंवा १२ व्होल्टवर. कोरड्या त्वचेला एवढ्याने शॉक बसत नाही. खरी काळजी सोल्डरिंग आयर्नची (सुटे भाग सांधायच्या तापत्या साधनाची) घ्यायची. त्याचं टोक साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं, त्यामुळे डोळ्यांना गॉगल आणि केस बांधलेले हवेत. इलेक्ट्रोलायटिक (धन-ऋण टोकं ठरलेला) कपॅसिटर उलटा लावला तर फुटू शकतो आणि लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर पेटू शकते. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात का, एवढं विचारा. भिंतीतल्या प्लगवर चालणारं काही उघडायला लावणार असतील तर मात्र मीही नको म्हणेन. घरी ती ज्या वस्तू उघडते त्यांनाही हाच नियम लावा. प्लग काढलेला असला तरी काही उपकरणांतला कपॅसिटर बराच वेळ भरलेला राहतो.

पत्रात नसलेला एक प्रश्न मला पडलाय : तिचं गणित कसं आहे? पदवीला गेल्यावर संमिश्र संख्या, अवकल समीकरणं, फूरिये रूपांतर आणि मॅक्सवेलची समीकरणं यांच्याशी रोजचा संबंध येतो. शिबिरात यातलं काही नसतं, नसावंही. त्यामुळे शिबिर आवडलं म्हणून पदवी आवडेलच असं नाही. गणिताशी तिचं बरं जमत असेल तर २१ गुणांचं दुखणं किरकोळ आहे. गणिताचं नाव काढताच ती उठून जात असेल, तर हात चालवायची आवड भागवणारे पदविका आणि तंत्रज्ञ अभ्यासक्रमही आहेत. त्यांना कमी लेखू नका.

ती परत आली की ‘मजा आली का’ एवढंच विचारू नका, हो किंवा नाही म्हणून ती मोकळी होईल. काय चाललं नाही आणि मग काय केलंस, हे विचारा. एखाद्या न चाललेल्या सर्किटची कथा ती अर्धा तास सांगत बसली, मध्येच कागद घेऊन आकृती काढायला लागली, तर पुढच्या वर्षी शाखेचा विचार करताना ते लक्षात ठेवा. सांगण्यात सगळा भर प्रोग्रॅमवरच असेल तर बाबांचं म्हणणं बरोबर ठरेल, तेही पदरात पाडून घ्या. आणि पुन्हा नाव काढलं नाही, तर दोन आठवड्यांत उलगडा झाला. काहींना तो पदवीच्या तिसऱ्या वर्षी होतो.

शिबिराची फी डोईजड होत असेल तर ओढाताण करू नका. एक ब्रेडबोर्ड, साधा मल्टिमीटर, मूठभर रेझिस्टर आणि एलईडी यांवर सुटी छान जाते. जोडीला फॉलस्टॅडचं सर्किट सिम्युलेटर किंवा टिंकरकॅड आहे, दोन्हींत कॉम्प्युटरच्या पडद्यावर सर्किट जोडून बघता येतं, दोन्ही फुकट. मल्टिमीटर करंटच्या खुंटीवर असताना थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावला की आतला फ्यूज उडतो, तेवढं तिला आधीच सांगून ठेवा.

शिफारसपत्र तिला चाचणीत २१ देणाऱ्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांकडूनच घ्या, विशेषतः प्रात्यक्षिकंही तेच घेत असतील तर. गुण त्यांना ठाऊकच आहेत, त्यामुळे लपवाछपवी नको. तिने स्वतः जाऊन त्यांना भेटावं, कुठली गणितं चुकली ते समजून घ्यावं आणि त्याच भेटीत पत्राचं विचारावं. अर्जाची मुदत संपायच्या दोन-तीन आठवडे आधी विचारलं तर शिक्षकांनाही सवडीने लिहिता येईल.